आबांची फुंकणी

एअरब्रश हे यंत्र मी पहिल्यांदा पाहिले ते बारामतीच्या पेठेतल्या एका फोटोच्या दुकानात, पन्नासच्या दशकाच्या मध्यावर. दिसायला ते जाडसर टाकासारखे होते. पितळेचे, वरचा मुलामा बऱ्याच ठिकाणी उडालेला. मागे रबरी नळी, पुढे सुईच्या टोकाएवढे भोक, पाठीवर बोटाने दाबायची कळ आणि बाजूला एक इवलीशी वाटी. वाटीत रंग घालायचा, नळीतून दाबाचा वारा सोडायचा आणि कळ दाबून मागे ओढायची. मग रंग धुक्यासारखा बाहेर पडतो, असे दुकानाच्या मालकांनी सांगितले. करून मात्र दाखवले नाही. त्यांच्याकडे ते कधीच नीट चालले नव्हते. पुण्यातला एक स्टुडिओ बंद होताना इतर सामानाबरोबर त्यांनी ते आणले होते. फोटोतली मागची भिंत पुसून तिथे ढग काढावेत असा त्यांचा बेत होता. एका नवरदेवाच्या डोक्यावर ढगांऐवजी देवीच्या व्रणांसारखे ठिपके उठले आणि त्या दिवसापासून यंत्र डब्यात गेले.

पेठेत त्यांना सगळे तात्या म्हणत. मी मॅट्रिक होऊन घरच्या कामात हात घालत होतो आणि जोडीला पुण्याच्या एका दैनिकाला बारामतीच्या बाजाराचे भाव कळवत होतो. त्या निमित्ताने पेठेत रोजचे जाणे होते. तात्यांच्या दुकानात बसायला बाक होता आणि वाचायला कालचे वर्तमानपत्र.

आमचे घर चित्रांचे. आमच्या भागात मातीच्या रंगवलेल्या मूर्तींना चित्रे म्हणतात. आषाढात बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैल, भाद्रपदात गणपती आणि गौरीचे मुखवटे, दिवाळीत किल्ल्यावर मांडायचे मावळे आणि गवळणी, असे आमचे वर्ष चाले. साचे आजोबांच्या हातचे होते. माती मळायला आणि भाजायला घरातले सगळे. रंगकामात मात्र वाटणी ठरलेली होती. पहिला पांढरा हात, ज्याला आम्ही अस्तर म्हणत असू, तो आईचा. अंगाचा रंग, सावली, झुली, दागिने हे आबांचे. आबा म्हणजे माझे वडील. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि तेही आबांचेच.

डोळ्यांचे नियम होते. डोळे होईपर्यंत चित्रे भिंतीकडे तोंड करून ठेवायची. डोळे घालणाऱ्याने आंघोळ करून पाटावर बसायचे आणि पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलले की श्वास हलतो, श्वास हलला की बुबुळ हलते, असे कारण दिले जाई. आबांना हा नियम कधी जड गेला नाही. ते एरवीही कमीच बोलत. घरात बोलण्याची बाजू आई सांभाळत असे.

त्या वर्षीच्या बेंदराला आबांच्या हाताचा कंप पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला दिसला. बाजारात आमच्या पथारीसमोर उकिडवा बसून एक बागाईतदार बैल उलटसुलट करून पाहत होता. त्याने एक जोडी निवडली आणि पुन्हा खाली ठेवली.

"आबा, ह्यो बैल काना हाय जनू."

"दुसरा घ्या की मग," आबा म्हणाले.

"दुसरा बी माज्याकडं बघत न्हाय. शेजाऱ्याकडं बघतोय."

आजूबाजूचे हसले. आबाही हसले. त्यांनी उजवा हात मांडीखाली सरकवला होता. पुढे गणपतीत त्यांनी मोठ्याच मूर्ती केल्या, कारण मोठ्या डोळ्यात कंप खपून जातो. दिवाळीचे मावळे लांबूनच पाहायचे असतात, म्हणून निभावले. दिवाळी सरल्यावर त्यांनी कुंचले धुतले, बांधले आणि फडताळात ठेवले.

"बेंदराला साचं काढायचं न्हाईत," ते जेवताना म्हणाले. "इंदापूरच्या भावाला निरोप धाडलाय. माघात येऊन घिऊन जाईल."

इंदापूरला आबांचे चुलत भाऊ राहत. त्यांचेही चित्रांचेच काम होते, आणि आजोबांच्या बैलांच्या साच्यावर त्यांचे अनेक वर्षांपासून लक्ष होते. साचे गेले म्हणजे आबांचे काम गेले, याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. आईने ताटात भाकरी वाढली आणि त्या जेवणात ती काही बोलली नाही. आमच्या घरात ही लक्षात राहण्यासारखी गोष्ट होती.

याच सुमारास शेतकी खात्याचे एक अधिकारी घरी आले. संक्रांतीनंतर इंदापूरला शेतकी प्रदर्शन भरणार होते. पाटाच्या पाण्याखालच्या एका आदर्श वस्तीची प्रतिकृती त्यांना हवी होती. मोठ्या फळीवर पाट, त्याची दारे, उसाचे आणि भाजीचे वाफे, घर, गोठा, माणसे आणि बैल. साहेब पुण्याकडचे होते. त्यांनी कागदावर आराखडा काढून आणला होता आणि सगळे मापात पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

"शंभर फुटाला एक फूट," ते म्हणाले. "घर, झाड, जनावर, सगळं याच प्रमाणात."

आबांनी अंगठ्याच्या पेरावर नख ठेवून हिशेब केला. "म्हंजी बैल मुंगीएवढा."

"मुंगीपेक्षा थोडा मोठा."

"मुंगीएवढा बैल मी करत न्हाय, सायेब. तसं बी मी काम सोडलंय."

"सोडलं न्हाय," आई चुलीपासून म्हणाली. "माघात सोडनार हायती. प्रदर्शन पौषात हाय न्हवं?"

साहेबांनी दोघांकडे पाहिले आणि चहा संपवला. शेवटी असे ठरले की शेते, पाट आणि रस्ते साहेबांच्या मापाने होतील. माणसे करंगळीएवढी आणि बैल मुठीएवढे, आबांच्या मापाने. साहेब गेल्यावर आबा आईला म्हणाले, "व्हय म्हनून बसलीस. रंगवनार कोन?"

"तुमी."

"ह्या हातानं?"

"मग काय माज्या?"

हे बोलणे तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या दुकानात गेलो आणि एअरब्रश मागितला. माझा विचार साधा होता. कुंचला मूर्तीला टेकवावा लागतो आणि टेकवताना हात हलला की रेघ हलते. हे यंत्र टेकवावे लागत नव्हते.

"घेऊन जा," तात्या म्हणाले. "हितं डब्यात पडून हाय. चाललं तर आबांना म्हनावं, एक बैलजोडी द्या दुकानात ठिवायला. न्हाय चाललं तर परत आन, पर पेठेत माजं हसू करू नका."

वाऱ्याची सोय तात्यांनी आधीच करून ठेवली होती. लष्करी लिलावातल्या एका जीपचे जादा चाक त्यांच्याकडे होते. चाकात हातपंपाने हवा भरायची, त्याच्या तोंडाला रबरी नळी लावायची आणि नळीला चिमटा. चिमटा काढला की वारा सुटतो. चाक मी गडगडत घरी नेले. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि जीपचे बाकीचे भाग केव्हा येणार याची चौकशी झाली.

आबांनी यंत्र हातात घेऊन फिरवून पाहिले. "पिचकारी हाय."

"पिचकारी कशाची, फुंकणी हाय ही," आई म्हणाली. "एवढी वर्सं चुलीपाशी मी फुंकती. आता तुमी फुंका." असे म्हणून तिने भोकातून काही दिसते का ते पाहायला यंत्राच्या तोंडाशी तोंड नेले. आबांच्या बोटाखाली कळ दबलेली होती आणि मी त्याच वेळी चिमटा काढला. चाकाच्या ट्यूबमध्ये शंखजिऱ्याची पूड असते, हे तात्यांनी सांगितले नव्हते. आईच्या नाकाचा शेंडा, कपाळ आणि एक भुवई पांढरी झाली.

आबा दिवाळीनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले. "अस्तर बसलं बग. आता कुठला रंग देऊ?"

तेव्हापासून घरात त्या यंत्राचे नाव फुंकणीच राहिले.

पहिले दिवस वाया गेले. आमचे रंग पुडीचे: सफेदा, काव, पिवडी, नीळ, काजळ. ते डिंकाच्या पाण्यात खलून वापरायचे. कुंचल्याला चालणारा दाट रंग फुंकणीच्या भोकातून जाईना. पातळ केला तर मूर्तीवरून ओघळे. आईने रंग तीन पदरी मलमलीतून गाळून दिला. मग तो जाऊ लागला, पण पौषातले कोरडे वारे सुटले होते. रंग भोकाच्या तोंडाशीच वाळे. यंत्र दोन वेळा नीट फवारी, तिसऱ्या वेळी गप्प होई आणि चौथ्या वेळी थुंके. मी पंप मारत असे, आबा फुंकणी धरत आणि आई सुईने भोक मोकळे करी. समोर एक फुटके मडके सरावासाठी ठेवले होते. ते काही दिवसांत इतके ठिपकेदार झाले की शेजारच्या एका बाईने ते मागून नेले.

बाजाराच्या दिवशी तात्या पाहायला आले. त्यांनी पुण्यात ऐकलेली एक माहिती सांगितली. तिथले चित्रकार रंगात मधाचा थेंब टाकतात. मधाने रंग लवकर वाळत नाही.

"मध कुठनं आनायचा आता?" मी म्हणालो.

आबांनी थोडा विचार केला. "मध गोड. काकवी बी गोडच की."

बारामतीच्या आसपास त्या वेळी गुऱ्हाळे जोरात चालू होती. उसाचा रस आटवताना गूळ होण्याआधी जो पातळ पाक काढतात, ती काकवी. ती घरोघरी असे. आमच्या शिंकाळ्यावर तिची बरणी होती. मधाऐवजी काकवी हे कोणालाही चुकीचे वाटले नाही, मलाही नाही. आबांनी चमचाभर घातली. रंग खुशीत चालला म्हणून पुढच्या वाटीला अजून थोडी घातली.

त्या दुपारी फुंकणी पहिल्यांदा थुंकली नाही.

खिल्लार बैल पांढरा असतो, पण सगळा पांढरा नसतो. मान, खांदा आणि वशिंड यांवर राखी रंगाची सावली असते. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे बोट ठेवून सांगता येत नाही. कुंचल्याने ती जमत नाही. किती ओले करून पसरवली तरी कुठे तरी काठ दिसतोच. आबांनी आयुष्यभर तो काठ लपवण्याचे काम केले होते. त्या दिवशी त्यांनी काजळ आणि सफेदा मिसळून राखाडी केला, बैल पाटावर ठेवला आणि वीतभर अंतरावरून कळ दाबली. हात हलत होता. हाताबरोबर रंगाचे धुकेही हलत होते, आणि त्यामुळेच सावलीला काठ उरला नाही. वशिंडावर ती दाट बसली, पाठीकडे विरत गेली आणि पांढऱ्यात कुठे मिसळली ते कळले नाही.

आबांनी बैल उचलून उजेडात धरला. मग दुसरा घेतला. मग तिसरा. मी पंप मारायचा थांबलो की ते फक्त "वारा" एवढेच म्हणत. संध्याकाळ होईपर्यंत सगळे बैल झाले होते. भिंतीकडे तोंड करून त्यांची रांग लावली. आबा हात धुऊन आले आणि पुन्हा एकदा जाऊन रांगेपाशी बसले.

"ह्यो धाकटा जरा काळा झाला," ते म्हणाले.

"असू द्या की. रानात हिंडलाय," आई म्हणाली.

सकाळी मी पाणी भरून आलो तेव्हा आई रांगेपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. बैलांवर मुंग्या होत्या. जिथे सावली, तिथेच मुंग्या. पांढऱ्या भागाकडे त्या फिरकल्याही नव्हत्या. वशिंडे काळीभोर दिसत होती आणि बारकाईने पाहिले तर हलत होती. भिंतीच्या कोपऱ्यातून एक रांग येत होती, दुसरी परत जात होती. मुंग्या झटकल्या तर बोटाला चिकट रंग आला आणि त्यावर गवताचा भुसा बसला.

आबा आले, त्यांनी पाहिले आणि ओसरीवर जाऊन बसले. चहाही त्यांनी तिथेच घेतला. प्रदर्शन तोंडावर आले होते. मग आई बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मुंगीएवढा बैल करनार न्हाय म्हनला व्हता सायबाला. आता मुंग्याच बैल बघाया आल्या."

"जा की तिकडं."

"न्हाय, मी म्हनती, मुंगीला बी कळतंय सावली कुठं हाय ते. काठ दिसला असता तर काठावर थांबल्या असत्या."

आबांनी तिच्याकडे पाहिले. हसायचे नाही असे त्यांनी ठरवले होते, ते जमले नाही.

बैल भाजलेले होते, त्यामुळे धुता आले. आईने ते एकेक करून पाण्यात घातले, घासले आणि उन्हात मांडले. पुन्हा अस्तर झाले. काकवीची बरणी शिंकाळ्यावर परत गेली. वाळण्याचा प्रश्न आबांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला. प्रत्येक बैलानंतर फुंकणीचे तोंड ओल्या फडक्याने पुसायचे आणि वाटी पाण्याने खंगाळायची. काम सावकाश होई, पण होई. मी पंपावर, आई फडक्यावर आणि आबा कळेवर. सगळे बैल दुसऱ्यांदा झाले. धाकटा या वेळी काळा झाला नाही. पाट निळा झाला, वाफे हिरवे झाले. पाणी सोडणारा पाटकरी खाकी कपड्यांत पाटाच्या दाराशी बसवला. तो बसलेला का, उभा का नाही, असे मी विचारले. "उबा ऱ्हायलेला पाटकरी कुनी बघितलाय?" आबा म्हणाले.

राहिले डोळे.

फुंकणीने डोळे होत नाहीत. तिच्या अंगी धुके आहे, टिंब नाही. आबा आंघोळ करून आले आणि पाटावर बसले. मी फडताळातून बांधलेले कुंचले काढून दिले. त्यांनी सर्वांत बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि फुटक्या खापरीवर एक टिंब टेकवून पाहिले. मग आणखी एक. तिसरे टिंब त्यांनी टेकवले नाही. कुंचला वाटीवर आडवा ठेवला.

"तू घाल," ते आईला म्हणाले.

"मी?" आई म्हणाली. "बाईमानसानं कुठं डोळं घातल्यात?"

"आमच्यात न्हाय घातलं. म्हनून घालायचं न्हाय असं कुठं हाय? अस्तर कुनाचं काम? तुजं. परवापास्नं पांढरा हात बी मीच फुंकतोय. तुजं काम मी केलं, माजं तू कर."

हे खरे होते. दुसऱ्यांदा दिलेले अस्तर फुंकणीनेच दिले होते आणि ते आबांनीच दिले होते. आम्हा कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते.

"आन् चुकलं तर?"

"धुता येतंय. मुंग्या लागल्या ते बी धुतलंच न्हवं?"

आई उठली, आंघोळ करून आली आणि पाटावर बसली. आबांनी पहिला बैल भिंतीकडून वळवून तिच्यासमोर ठेवला. "बोलायचं न्हाय," ते म्हणाले. आईने मान हलवली.

त्यानंतर जे झाले त्याचा मी एकटाच साक्षीदार आहे. नियमाप्रमाणे आई गप्प होती. आबांना मात्र त्या दिवशी गप्प राहण्याचे कारण नव्हते.

"आदी कोपर गुडघ्याला टेकव. असा. श्वास सोड आन् मग टेकव. आत घेऊन न्हाय टेकवायचं. हां. बैलाचा डोळा गोल नसतोय, बदामी असतोय, फुडं जरा खाली. बग, झाला. आता दुसरा पयल्याकडं बघून करू नको, बैलाकडं बघून कर."

आईने दुसरा डोळा केला.

"झ्याक. मला वाटलं न्हवतं."

आईने भुवया उंचावल्या. काही बोलायला तिने तोंड उघडले आणि परत मिटले.

"काय? बोल की. न्हाय, बोलू नको. माज्या बानं मला पयल्यांदा डोळं घालाया बसवलं तवा मी सतरा बैल आंधळं केलं व्हतं. तुला कदी सांगितलं न्हाय. तुज्या म्हायेरी दिलेली जोडी त्यातलीच हाय, डोळं वरनं परत काढल्यालं."

आईने कुंचला वाटीवर ठेवला, आबांकडे बराच वेळ रोखून पाहिले आणि पुन्हा उचलला.

आबा बोलत राहिले. त्यांच्या वडिलांबद्दल, साचे कसे झाले त्याबद्दल, एका वर्षी बेंदराच्या आदल्या दिवशी पावसाने भिजलेल्या बैलांबद्दल, लग्नानंतर आईने केलेल्या पहिल्या अस्तरात राहिलेल्या कुंचल्याच्या केसाबद्दल. मला माहीत असलेल्या आबांनी इतके शब्द कधी एका वेळी वापरले नव्हते. आईला उत्तर देता येत नव्हते, आणि आबांना याची पूर्ण जाणीव होती, असे माझे मत आहे. माणसांचे डोळे झाले. पाटकऱ्याचे डोळे आबांनी अर्धे मिटलेले करायला सांगितले, आणि आईने तसे केले. शेवटचा राहिला धाकटा बैल. त्याचा डावा डोळा झाला, उजवा झाला. आईने कुंचला पाण्यात घातला.

"सतरा?" ती म्हणाली. "आन् माज्या म्हायेरी आंधळा बैल दिला? माजी आई त्याला अजून देव्हाऱ्यात ठिवती! आन् त्यो केस माजा न्हवता, तुमच्या कुंचल्याचा व्हता, तवा बी सांगितलं व्हतं. पावसात भिजलं ते तुमी गोनपाट घालाया इसरला म्हनून." हे बराच वेळ चालले. आबा भिंतीला टेकून ऐकत होते आणि समोर बैलांची रांग होती, आता तोंडे आमच्याकडे केलेली.

इंदापूरला फळी साहेबांच्या जीपमधून गेली. खाली कडब्याचे थर, कडेने मी आणि आबा. प्रदर्शनाच्या मांडवात ती एका टेबलावर मांडली. पहिल्या दिवशी लोक बियाणे आणि अवजारे पाहत पुढे गेले. दुसऱ्या दिवशी इंदापूरचा बाजार होता आणि टेबलाभोवती गर्दी झाली. पाट, दारे, मापात काढलेले वाफे याकडे फारसे कोणी पाहिले नाही. शेळगावचा एक शेतकरी वाकून बैल पाहत होता.

"ह्यो काळ्या मानेचा कोसा खिल्लार हाय. आमच्या शेळगावचा."

"तुमच्याकडं कुठला आसला?" कळंबहून आलेला दुसरा म्हणाला. "मान बगा की. आमच्या आळीतला हाय ह्यो. दोन दाती, तरना."

"दोन दाती? चार दाती म्हना."

"तोंड उगडून बगा मग."

"उगडतो की, चावला तर औषिद तुमी करा."

साहेब तिथे आले. शिष्टपणाने नव्हे, पण काळजीने त्यांनी त्या दोघांना सांगितले की बैल प्रमाणात नाहीत, घराच्या मानाने फार मोठे झाले आहेत, त्याकडे दुर्लक्ष करावे.

"घर बारकं असंना का, सायेब," शेळगावचा म्हणाला. "बैल बारका चालत न्हाय."

आबा टेबलापासून थोडे दूर, मांडवाच्या खांबाशी उभे होते. उजवा हात त्यांनी खांबावर ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. तेवढ्यात त्यांचे चुलत भाऊ आले. त्यांनी टेबलाला एक पूर्ण फेरी घातली, धाकटा बैल उचलला आणि वशिंडावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला रंग लागला का ते पाहिले. लागला नव्हता.

"काठ कसा घालवला?" त्यांनी विचारले.

"फुंकनीनं."

"आन् डोळं? तुमचा हात तर..."

"डोळं घरातनं आल्यात," आबा म्हणाले. "वहिनीच्या हातचं हायती तुज्या."

भावाने बैल जागेवर ठेवला. थोडा तिरपा ठेवला गेला, तो आबांनी सरळ केला.

"मग माघात येऊ न्हवं, साचं न्यायला?"

"ये की. जेवायलाच ये," आबा म्हणाले. "साचं न्यायला येऊ नको."

प्रदर्शनाची एक लहान बातमी मी पुण्याला पाठवली. तीत पाट, बियाणे आणि उपस्थित अधिकारी यांचा उल्लेख होता. बैलांचा नव्हता. बातमीत घरच्यांचे काम घालायचे नाही असा नियम होता आणि तो मला योग्य वाटत असे.

तात्यांना बैलजोडी मिळाली. त्यांच्या दुकानात फोटोसाठी बसवलेली पोरे रडायची थांबावीत म्हणून ती अनेक वर्षे वापरली गेली. फुंकणी त्यांनी परत मागितली नाही. जीपचे चाक आमच्या ओसरीवर राहिले आणि पुढे त्यावर बसण्याचीही सोय झाली.

आषाढात बेंदराचे साचे काढले. अंगणात माती मळली, बैल भाजले. आबांनी अस्तर आणि सावली फुंकली आणि रांग भिंतीकडे तोंड करून लागली. नंतर एका सकाळी आई आंघोळ करून पाटावर बसली, कोपर गुडघ्याला टेकवले आणि श्वास सोडला. आबांनी पहिला बैल तिच्यासमोर ठेवला, चाकावर ऐसपैस बसले आणि बोलायला सुरुवात केली.